सांगायला आलेली माणसं

“वर्केनेशचा नवरा गेला,” हे दारातूनच म्हणाले. बूट घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते आणि ते काढायचं भान नव्हतं.

मी वह्या तपासत होते. “कुणी सांगितलं?”

“ज्यानं पुरलं त्यानंच. मोला नाव त्याचं. नदीपलीकडच्या वसाहतीत असतो. तिच्याच गावचा, पण नात्यातला नाही, आणि त्याला तिथून हलू देत नाहीत.”

“वर्केनेश नावाच्या बायका ढिगानं आहेत इथे. दुसऱ्या कुणाचा असेल.”

“मी विचारलं ना सगळं. नाव आशेनाफी. बायको वर्केनेश, मुलगी देस्ता. डाव्या हाताची करंगळी अर्धी. आणखी काय विचारू? इकडे आणताना ट्रकमध्येच ताप चढला. रस्त्याच्या कडेला पुरला आणि ट्रक पुढे निघाला.”

करंगळीचं वर्केनेशनं मलाही सांगितलं होतं. मी पेनाला टोपण लावलं आणि चपला शोधू लागले.

“कुठे निघालीस?”

“तिला सांगायला.”

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीची. आम्ही दोघं अमळनेर सोडून इथिओपियात शिकवायला गेलो होतो. त्या काळी तिथल्या सरकारी शाळांत विज्ञान आणि गणिताला भारतीय मास्तर असायचे. हे गणित शिकवायचे, मी जीवशास्त्र. आमचं गाव, सोरबो, देशाच्या नैऋत्येला, दाट जंगलाच्या काठावर. राजाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि राज्य लष्कराचं होतं. क्रांतीनं भाषासुद्धा बदलून टाकली होती. सगळे एकमेकांना गुआद म्हणत, म्हणजे कॉम्रेड. खाटीक गुआद, पोस्टमन गुआद. हजेरीपटावर मी गुआद कुमुद होते.

त्या वर्षी उत्तरेत भयानक दुष्काळ पडला आणि सरकारनं तिकडची माणसं उचलून आमच्या जंगलात आणून वसवायला सुरुवात केली. काही आपणहून आली. पुष्कळशी धान्य मिळेल म्हणून रांगेत उभी होती, तिथूनच ट्रकमध्ये चढवली गेली. नवरा एका ट्रकमध्ये, बायको दुसऱ्यात. थंड डोंगरावर जन्म गेलेली ती माणसं आमच्याकडच्या दमट हवेत हिवतापानं आडवी पडत होती. दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक मोडलेला होता, म्हणून डॉक्टर रक्ताच्या काचा शाळेत माझ्याकडे पाठवत. वर्केनेश तिच्या मुलीला घेऊन तशीच आली होती. देस्ताच्या रक्तात परजीवी शोधावे लागले नव्हते, जिकडे पाहावं तिकडे होते. पोर वाचली ती वर्केनेशनं तिला रात्रंदिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणून, असं मी आजही मानते, गोळ्यांचं श्रेय कमी न करता.

मी कुंपणापाशी पोचले तोच शेजारच्या त्सेहायनं अडवलं. ती विधवा होती, वयानं माझ्याहून बरीच मोठी, आणि गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. ती कॉफीच्या बिया भाजत बसली होती.

“कुमुदिये, तोंड असं का झालंय?”

मी सांगितलं. तिनं तवा खाली ठेवला.

“आणि आत्ता तू तिला सांगायला निघालीस. एकटी. उभ्याउभ्या. कोंबडी कापायला चाललीयस का?”

“मग खोटं बोलू?”

“खोटं बोल कोण म्हणतंय? गप्प बस म्हणतेय.”

मग तिनं मला जे समजावलं, ते तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं. मरणाची बातमी सांगण्याला तिकडे मेर्दो म्हणतात आणि तो एकट्या-दुकट्यानं द्यायचा नसतो. आधी नातेवाईक गोळा करायचे, शेजारी गोळा करायचे, आणि सगळ्यांनी मिळून उजाडताना दारात जायचं. बाई कोसळली तर धरायला हात हवेत, छाती बडवू लागली तर आवरायला हात हवेत. माणसं जमेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही.

“माझा भाऊ आस्मारात गेला,” त्सेहाय म्हणाली, “तेव्हा मी सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. रोज येऊन माझ्याकडची कॉफी पिऊन जात होते मेले.”

“राग नाही आला?”

“माझी बहीण लांबून यायची होती. ती येईपर्यंत थांबले होते ते. राग कसला त्यात?”

मला पटलं नाही. तपासणीचा निकाल हाती आला की ज्याचा त्याला सांगायचा, हे माझं शिक्षण. पण त्सेहाय कुंपणाच्या फाटकात पाय रोवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी वर्केनेश स्वतःच शाळेत आली. देस्ताचं रक्त पुन्हा बघायचं ठरलं होतं. उंच, काटक बाई. डोक्यावरून घेतलेली पांढरी सुती नेतेला, ठिगळं लावलेली पण धुतलेली. काचेवर थेंब घेताना देस्तानं माझ्याकडे रागानं पाहिलं.

“कुणी काही म्हणालं का, टीचर?” वर्केनेशनं विचारलं.

नवऱ्याबद्दल ती दर वेळी हेच विचारायची. आल्याआल्या, नमस्काराच्या जोडीनं.

“नाही,” मी म्हटलं आणि भिंगात डोळा घातला.

सगळी काच कडेपासून कडेपर्यंत पाहिली. एकही परजीवी नव्हता. “रक्त स्वच्छ आहे,” मी म्हणाले.

“म्हणजे चालू शकेल? लांब?”

“चालू शकेल.”

“मग शनिवारी आम्ही जाऊ. बाजाराच्या दिवशी पहारेकऱ्यांचं लक्ष नसतं.”

मी भिंगावरून डोकं वर काढलं. “कुठे?”

“माझ्या माणसांकडे.”

जंगलातून पळून उत्तरेकडे निघालेल्यांचं काय होई ते आम्ही ऐकून होतो. काहींना पकडून परत आणत. काही नदीत जात. उरलेल्यांचं कुणाला कळत नसे. आणि या बाईला मी आत्ताच, अगदी खरं तेच सांगून, मुलगी चालायला तयार झाल्याचा दाखला दिला होता.

“थोडं थांब,” मी म्हटलं. “अशक्तपणा आहे अजून.”

“आताच म्हणालात, चालू शकेल.”

ती हसली. मला तिच्याकडे पाहवेना.

संध्याकाळी त्सेहाय मला आणि ह्यांना घेऊन आतो गेमेचूंकडे गेली. आतो म्हणजे श्रीयुत. क्रांतीनंतर हा शब्द मागे पडला होता, पण गेमेचूंना गुआद म्हणायला गावात कुणाची जीभ वळत नसे. ते तार-ऑफिसातून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, आणि गावच्या इदिरचे प्रमुख. इदिर म्हणजे मयताला एकमेकांच्या मदतीला धावणाऱ्या घरांचं मंडळ. दर महिन्याला थोडी वर्गणी, त्यातून मांडव, बाकं, मोठी पातेली. कुणाच्याही घरी मरण आलं की इदिर हजर. आम्ही परदेशी असूनही पहिल्याच वर्षी त्सेहायनं आम्हाला त्यात दाखल केलं होतं. “मेलात तर उचलणार कोण?” एवढंच तिनं विचारलं होतं.

गेमेचूंच्या अंगणात आणखी चार-पाच सभासद बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

“बाई आपल्या इदिरची नाही,” गिर्मा खाटीक म्हणाला. “वसाहतीत जायला परवाना लागतो. आणि वसाहतीवर नेमलेला पक्षाचा तो गुआद ताम्रात म्हणतो वसाहतीत आणताना कुणी मेलेलंच नाही. जो मेलाच नाही त्याचा मेर्दो द्यायचा, म्हणजे सरकारला खोटं पाडायचं.”

“तू मटणात पाणी मारतोस तेव्हा नाही भीत सरकारला,” त्सेहाय म्हणाली.

“माझं मटण मध्ये आणू नकोस!”

“बाबांनो,” गेमेचू म्हणाले, “परवान्याचं मी बघतो. माझी अडचण निराळी आहे. मेर्दो द्यायला नातं लागतं. अनोळखी माणसांनी दारात जाऊन काय म्हणायचं? तिचं इथे कोण आहे?”

मी पहिल्यांदाच त्या प्रश्नाकडे नीट पाहिलं. एका बाईला तिच्या डोंगरावरून उचलून इथे आणून सोडलं, त्यात तिचं घर गेलं, गुरं गेली, हे मला दिसत होतं. पण वाईट बातमी सांगण्याचा हक्क असलेलं एकही माणूस तिला उरलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“हिच्या काचेवर तिच्या पोरीचं रक्त आहे,” त्सेहाय माझ्याकडे बोट करत म्हणाली. “याहून जवळचं आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

गिर्मासुद्धा हसला. गेमेचू मात्र विचारात पडले.

“नवऱ्याच्या बाजूचं कुणी?”

“बातमी ज्यांच्या घरी आली ते नवऱ्याच्या बाजूचे. हे दोघं. मी तिची मावशी. तुम्ही थोरले काका. गिर्मा, तू कोण होतोस?”

“मी काय सांगू!”

“तू चुलतभाऊ. लांबचा. मटणात पाणी मारणारा.”

गेमेचू उठले. “तार-ऑफिसात होतो तेव्हा मरणाची तार आली की मी ती घरच्यांच्या हाती कधी दिली नाही. आधी शेजाऱ्याला द्यायचो. साहेब ओरडायचे, तार म्हणजे तातडीची असते म्हणून. मी म्हणायचो, मेलेल्याला कसली तातडी? शुक्रवारी पहाटे निघू. पांढरं नेसून या.”

घरी येताना हे म्हणाले, “तुला जमेल ना? म्हणजे, नातेवाईक म्हणून?”

“तुम्ही काय सांगणार आहात?”

“मी काय, मी तुझ्या मागे उभा राहीन.”

शुक्रवारी धुकं इतकं होतं की पुढे चालणाऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. मला वाटलं होतं दहा-बारा जण येतील. वसाहतीच्या वाटेला लागलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर नेतेला पांघरलेल्या बायकांची ओळ धुक्यात कुठवर गेली होती ते कळेना. कुणाच्या डोक्यावर उकडलेल्या धान्याचं पातेलं, कुणाकडे कॉफीचं भांडं. गिर्मा बाक खांद्यावर घेऊन चालला होता.

वसाहतीच्या नाक्यावर आडवा बांबू होता आणि बांबूमागे गुआद ताम्रात उभा होता. पहारेकऱ्यानं त्याला झोपेतून उठवलं असावं. पक्षाचा माणूस, तिशीचा, राजधानीहून आलेला. सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

“ही कसली सभा?” तो म्हणाला. “परवानगी कुणाची?”

“सभा नाही,” गेमेचू म्हणाले. “नातेवाईक आहोत.”

“कुणाचे?”

“वर्केनेशचे.”

“वर्केनेश उत्तरेची आहे. तुम्ही सगळे इथले.”

“हो ना. म्हणून तर यायला उशीर झाला.”

ताम्रातनं ओळीकडे पाहिलं. ओळ अजून धुक्यातून बाहेर येतच होती.

“गुआद गेमेचू, तुम्हाला ठाऊक आहे. मोहिमेत कुणी दगावल्याची नोंद नाही. तुम्ही आत जाऊन रडारड केलीत तर वर मला विचारतील.”

“सांगा, गावची माणसं भेटायला आली होती. खोटं नाही ते.”

मग त्याची नजर माझ्यावर आली. परदेशी माणसाला धाक घालणं सोपं. आमचा करार तर एका सहीनं रद्द होण्यासारखा होता.

“टीचर, तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्हीही नातेवाईक?”

“हो,” मी म्हणाले. “त्याच्या बाजूची.”

“कुणाच्या?”

“आशेनाफीच्या.”

नाव ऐकल्यावर तो सदऱ्याची बटणं चाचपू लागला. मला वाटतं, मोहिमेतल्या मेलेल्या माणसाचं नाव त्याच्यासमोर कुणी प्रथमच उच्चारत होतं. बांबू त्यानं स्वतः उचलला नाही. पण पहारेकऱ्यानं उचलला तेव्हा तो बाजूला झाला.

वर्केनेश दारात उभी होती. इतकी माणसं येताना पाहून ती दचकली नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिली, ओळखू येतोय का ते तपासावं तशी. मग कुणी काही बोलायच्या आत ती जमिनीवर बसली. त्सेहायनं जाऊन तिच्या पाठीमागे बसून दोन्ही खांदे धरले. मला तिनं मानेनंच खूण केली. मी पुढे होऊन वर्केनेशचा हात धरला.

गेमेचू तिच्यासमोर उकिडवे बसले. “पोरी,” ते म्हणाले, “आम्ही तुझी माणसं. तुला सांगायला आलो आहोत. आशेनाफी गेला.”

तो आवाज मी कधी विसरणार नाही. माझ्या हातातला हात असा ओढला गेला की मीही पुढे पडले. मागच्या बायकांनी एकदम सूर धरला, आणि त्या आवाजानं वसाहतीतल्या झोपड्यांची दारं उघडू लागली. वर्केनेश रडताना बोलत होती, तिकडच्या रीतीनं, तालात. तुझे पाय कुणी धुतले रे, आशेनाफी. माझ्या बैलाला तू आधी पाणी पाजायचास, मग स्वतः प्यायचास. तुझ्या उशाला दगड कुणी लावला, वाटेनं जाणाऱ्याला कळेल का इथे कोण निजलंय. प्रत्येक ओळीनंतर गावच्या बायका तिचं नाव घेऊन हुंदका देत. त्यांनी आशेनाफीला कधी पाहिलेलं नव्हतं. गिर्मा खाटीक बाकावर बसून हमसाहमशी रडत होता.

वसाहतीतली माणसं येऊन कडेनं उभी राहिली. ती रडत नव्हती, नुसती पाहत होती.

पुढे सूर्य वर आल्यावर ताम्रात आला. हातात कागद होता. बहुधा पांगा म्हणून सांगायला आला असावा. पण मयताच्या घरी आलेल्या माणसाला तिथे कुणी उभं ठेवत नाही. एका म्हातारीनं सरकून बाकावर जागा केली. तो बसला. दुसरीनं त्याच्या ओंजळीत उकडलेले गहू-हरभरे घातले. आता ओंजळीत दुखवट्याचं धान्य असताना हुकूम कसा सोडणार? त्यानं कागद खिशात घातला आणि दाणे खाल्ले. जाताना वर्केनेशपुढे वाकून तो जुनंच वाक्य बोलला, क्रांतीच्या आधीचं: “देव तुला बळ देवो.” गुआद तो म्हणाला नाही.

दुखवट्याचे दिवस बाकं तिथेच राहिली. आम्ही शाळा सुटली की जात असू. शनिवार आला आणि गेला, वर्केनेश कुठेही गेली नाही. बसायचे दिवस संपल्यावर मी एकटी तिच्याकडे गेले. ती नेतेला धुऊन वाळत घालत होती. मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती.

“वर्केनेश, त्या दिवशी शाळेत तू विचारलंस, कुणी काही म्हणालं का. मला तेव्हा ठाऊक होतं. मी नाही म्हणाले.”

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली.

“मला ठाऊक होतं, हे तुला ठाऊक होतं?”

“तेही. आणि तो गेला तेही.”

ती शांतपणे कापडाच्या चुण्या काढत होती.

“ट्रक थांबला तेव्हा मागच्या ट्रकमध्ये मी होते, टीचर. लांबून दिसलं. चौघं उतरले, घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी उचलून कडेला नेलं, परत चढले ते मोकळ्या हातांनी. धूळ होती. त्याचं घोंगडं मी ओळखलं.”

“मग तू आम्हाला दर वेळी विचारत होतीस ते?”

“कुणी सांगितलं नव्हतं ना. बाईला तिचा नवरा मेल्याचं आपलं आपण कळत नसतं. माणसं येऊन सांगतात. कुणी सांगितलं नाही तर तो कसा मरेल? तसाच राहील बिचारा, घोंगड्यात.” तिनं कापडाचं टोक ओढून सरळ केलं. “मी त्याला शोधायला निघाले नव्हते. माझ्या गावाला निघाले होते. तिथे कुणीतरी आलं असतं सांगायला. थोडी माणसं उरली असतील ना.”

“आणि आता?”

“आता कशाला? तुम्ही आलात की.”

मी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ गोष्टी पाहिल्या आहेत आणि दिसलं ते लिहून ठेवायची मला सवय आहे. पण समोर दिसलेली गोष्ट, आपल्याजवळ माणसं नाहीत म्हणून इतके महिने अंगावर न घेता अशी तोलून धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

परतताना मी आतो गेमेचूंकडे डोकावले. बाकं परत आल्याचं सांगायचं होतं. त्यांच्या अंगणात वसाहतीतला एक माणूस उभा होता, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. मी कुंपणाशीच थांबले.

“माझी आई,” तो म्हणत होता. “आणि धाकटा भाऊ. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.”

त्याच्यामागे वाटेवर आणखी काही जण उभे होते. बायका, पुरुष. कुणीच पुढे येण्याची घाई करत नव्हतं.

गेमेचूंनी त्याचा खांदा धरला. “आईचं नाव काय?”

“झेरिथू.”

“भावाचं?”

त्यानं सांगितलं. गेमेचूंनी दोन्ही नावं हळू आवाजात पुन्हा म्हणून पाहिली.

“घरी जा,” ते म्हणाले. “स्वस्थ नीज. आम्ही येतो.”